खिळ्यावरचा मास्क

प्रति,
मा. गटविकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती, जळकोट,
जि. लातूर.

अर्जदार : अयोध्या सुदाम धुळगुंडे, वय ४४ वर्षे, काम ग्रामपंचायतीची झाडलोट, रा. मोरतळवाडी, ता. जळकोट.

विषय : ग्रामपंचायतीचा मास्क जाळल्याच्या नोटिशीस उत्तर आणि स्टँडवरील फलक उतरविण्याबाबत.

संदर्भ : ग्रामपंचायत मोरतळवाडी यांची कारणे दाखवा नोटीस, दि. २६ जुलै २०२१.

महोदय,

१. अर्जदार ही मोरतळवाडी ग्रामपंचायतीत गेली चौदा वर्षे झाडलोटीच्या कामावर आहे. सकाळी आधी स्टँड, मग शाळेचे पटांगण, मग कार्यालय आणि शेवटी नाली, असा तिचा क्रम आहे. या चौदा वर्षांत तिने मेलेली कुत्री उचलली आहेत, तुंबलेल्या नालीत कोपरापर्यंत हात घातला आहे, यात्रेनंतर देवळामागची जागा एकटीने साफ केली आहे आणि कधी नाक मुरडले नाही. हे सर्वप्रथम सांगण्याचे कारण असे की, नोटिशीत अर्जदार ही 'फाजील किळस करणारी व कार्यालयीन वातावरण बिघडवणारी' असल्याचे लिहिले आहे. साहेबांनी गावात कोणालाही विचारावे.

२. हा अर्ज अर्जदार सांगत आहे आणि वीरभद्र गुरुजी लिहीत आहेत. गुरुजी शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली. गावातले निम्मे अर्ज त्यांच्याच हातचे असतात. त्यांचे म्हणणे असे पडले की, सरकारी कागदावर 'घाण', 'थुंकी', 'शेंबूड' हे शब्द शोभत नाहीत, त्याऐवजी 'अस्वच्छता' लिहावे. अर्जदाराने त्यांना सांगितले की, अस्वच्छता कशी असते ते तिला रोज दिसते, ती झाडली की जाते. या प्रकरणात जे होते ती घाणच होती. गुरुजींनी चष्मा पुसला आणि सांगितल्याप्रमाणे लिहून घेतले.

३. प्रकरण असे आहे. यंदा फेब्रुवारीअखेर रोग पुन्हा वाढला आणि वरून आदेश आला की, कार्यालयात मास्कशिवाय कोणाला घेऊ नये. आमचे ग्रामसेवक दयानंद यांनी त्याला आपल्या हुशारीची जोड दिली. आत येणाऱ्या प्रत्येकाचा मास्क लावलेला फोटो ते मोबाइलवर काढून ठेवू लागले, म्हणजे उद्या कोणी विचारले तर दाखवता येईल. अर्जदाराला दारात उभे केले. अर्जदाराला तो आदेश मनापासून पटला होता. आदल्या वर्षी तिच्या माहेरची दोन माणसे गेली होती. त्यामुळे पहिल्या तीन दिवसांत तिने एकोणीस लोकांना दारातून परत पाठवले. लोक चिडले. 'हापिस तुझ्या बापाचं हाय का', 'दाखला तू देणार हायस का', असे तिला तोंडावर बोलले गेले. काहींनी सरपंच हणमंतराव यांच्या घरी जाऊन पुढच्या निवडणुकीची आठवण करून दिली.

४. चौथ्या दिवशी सरपंच स्वतः आले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक निळा मास्क काढला. त्याच खिशात त्यांची सुपारी असते, मास्कला तिचा चुरा लागलेला होता. दाराच्या चौकटीला कुलूप अडकवायचा खिळा आहे, त्यावर त्यांनी तो टांगला आणि म्हणाले, 'आता कुणाला माघारी धाडू नको. येईल त्यानं लावायचा, जाताना टांगायचा. ह्यो गावाचा मास्क.' लोकांना हे लई आवडले. ग्रामसेवकांनी लागलीच जडवस्तूंच्या नोंदवहीत, लोखंडी घमेले आणि प्लास्टिकच्या खुर्च्या यांच्या खाली, 'मास्क, नग एक' अशी नोंद घेतली. वहीत नाव चढले म्हणूनच आज अर्जदारावर मालमत्ता नष्ट केल्याचा आरोप ठेवता आला.

५. पहिला मान पिराजी यांना मिळाला. पिराजी म्हणजे आमच्या गावचे पाणी सोडणारे. त्यांच्या खालच्या ओठात उठल्यापासून तंबाखू असते आणि मास्क लावण्याआधी ती थुंकावी लागते हे त्यांना मान्य नव्हते. ते मास्कच्या आतूनच बोलले आणि आतल्या आतच ओठ पुसले. जाताना त्यांनी टांगला तेव्हा आतल्या बाजूला, डाव्या गालाच्या जागी, तपकिरी ओला डाग होता. त्यांच्या मागे आलेल्या बाईने डाग पाहिला, 'अगंबाई' म्हणाली आणि मास्क उलटा करून लावला. त्यामुळे डाग बाहेर गेला आणि खिळ्याचा गंज व रस्त्याची धूळ तिच्या ओठांना लागली. तिच्या मागच्याने पुन्हा सुलटा केला. पुढे दोन महिने हेच चालले. एकाने तो हनुवटीवर ओढून शिंक दिली आणि त्यानेच नाक पुसले. एकाने त्याने चष्म्याची काच साफ केली. एकाने चहा पिताना गळ्यात सरकवला, चहा सांडला, मग पिळून पुन्हा लावला. कानाचा बंद तुटला तेव्हा ग्रामसेवकांनी फायलीची पिन मारून दिली. दुपारी ऊन चढले की त्या दारातून जाताना आंबलेल्या ताकासारखा वास यायचा. अर्जदाराची जागा तिथेच होती. तिला भाकरी गिळेनाशी झाली. ती नालीच्या काठी जाऊन जेवू लागली, कारण तिथला वास त्यापेक्षा बरा होता. यावरून कार्यालयात तिची टिंगल झाली.

६. अर्जदाराने तोंड बंद ठेवले नाही. तिने आधी मास्क रोज गरम पाण्याने धुण्याची परवानगी मागितली. ग्रामसेवक म्हणाले, वाळेपर्यंत लोक खोळंबतात आणि ओला मास्क फोटोत वाईट दिसतो. मग तिने कपाटाची आठवण करून दिली. आदल्या वर्षी गावच्या बचत गटाने दोनशे मास्क शिवून ग्रामपंचायतीला दिले होते. त्यातले तीस अर्जदाराच्या हातचे होते, दुहेरी कापडाचे, धुता येणारे. ते कोरेच्या कोरे कार्यालयाच्या कपाटात आहेत. ते वाटा म्हटल्यावर ग्रामसेवक म्हणाले, 'वाटले तर संपतील. तपासणीला साहेब आले आणि कपाट रिकामं दिसलं तर मी काय दाखवू?' साहेब, आजपर्यंत कोणी तपासणीला आले नाही. मास्क अजून कपाटात आहेत. माणसे मेली आणि मास्क नवे राहिले, हे सांगताना अर्जदाराला शिसारी येते.

७. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. गावात दुसऱ्या पॅनेलचे पुढारी वैजनाथ आहेत. हा प्रकार त्यांच्या कानावर गेला तेव्हा ते अर्जदाराच्या घरी आले आणि 'मास्कची सक्तीच रद्द करा' अशा मजकुराच्या कागदावर तिची सही मागू लागले. बोलताना त्यांचा स्वतःचा मास्क दाढीखाली लोंबत होता आणि ते अर्जदाराच्या तोंडावर बोलत होते. अर्जदाराने सही दिली नाही. सक्ती पाहिजे, असे तिचे मत होते आणि आजही आहे. लोक आपणहून काही करत नाहीत हे झाडूवालीइतके कोणाला कळते? पण सक्ती माणसाच्या तोंडाची करायची असते. आमच्याकडे ती फोटोची झाली. वैजनाथ यांना दोन्हीतला फरक सांगून उपयोग झाला नाही. ते म्हणाले, 'तू सरपंचाची माणूस हायस.' सरपंचांच्या घरी त्याच दिवशी ती वैजनाथ यांची माणूस ठरली होती.

८. आता साखराबाईंबद्दल. साखराबाई या अर्जदाराचे पती सुदाम यांच्या आई, म्हणजे अर्जदाराच्या सासू. वय एकाहत्तर. वृद्धापकाळाच्या पगारीसाठी त्यांना रहिवासी दाखला हवा होता, म्हणून गुरुवार दि. ८ एप्रिल रोजी त्या कार्यालयात आल्या. त्या नाका-तोंडावरून पदर घट्ट लपेटून आल्या होत्या. लग्न होऊन गावात आल्या तेव्हापासून त्या थोरामोठ्यांपुढे तशाच वावरत. अर्जदाराने ग्रामसेवकांना सांगितले की, पदर दुहेरी आहे, सकाळीच धुतलेला आहे, आत सोडू द्यावे. ग्रामसेवक म्हणाले, 'पदर न्हाई चालत. फोटोत मास्क दिसला पाहिजे.' साखराबाईंच्या आधी नुकताच एक जण आत जाऊन आला होता. तो हैदराबादहून परतलेला होता आणि चार दिवस खोकत होता, हे गावाला माहीत होते. मास्क खिळ्यावर टांगला तेव्हा तो ओलसर होता. सदर मास्क साखराबाई यांना लावण्यात आला. फोटो काढण्यात आला. दाखला देण्यात आला.

९. पाचव्या दिवशी त्यांना ताप आला. जवळपास कुठे खाट मिळेना. सुदाम नांदेडला ऑटो चालवतात, त्यांनी तिथे दोन दिवस दारोदार फिरून एक खाट मिळवली. गावातून जीप करून त्यांना नेले. दि. २३ एप्रिल रोजी त्या वारल्या. घरच्यांना लांबून पाय दाखवले. चेहरा दाखवला नाही. रोग कशातून लागला असे सुदाम यांनी विचारले तेव्हा डॉक्टर म्हणाले, ते आता कोणी सांगू शकत नाही. हेच वाक्य ग्रामसेवकांनी पाठ करून ठेवले आहे. डॉक्टरच सांगू शकत नाहीत तर मास्कचा काय संबंध, असे ते चावडीवर बोलतात. अर्जदार त्यांना खोटे पाडू शकत नाही. कशातून लागला हे तिलाही माहीत नाही आणि आता कधी कळणारही नाही.

१०. घरात कोंडून घेण्याचे दिवस संपल्यावर सोमवार दि. १० मे रोजी अर्जदार कामावर आली. मास्क खिळ्यावर होता. मधल्या काळात तो रोज वापरला गेला होता, त्याला आणखी एक पिन मारलेली होती. अर्जदाराने तो झाडूच्या काडीने उचलला, कचऱ्याच्या खड्ड्यात टाकला, वर पालापाचोळा घातला आणि काडी लावली. पूर्ण राख होईपर्यंत ती तिथे उभी होती. कोणापासून लपवले नाही. पिराजी बाजूला उभे राहून बघत होते, त्यांनी तोंडातली तंबाखू तेवढी थुंकली. त्यानंतर दोन महिने कोणाला मास्कची आठवण झाली नाही, कारण तोवर लाट ओसरू लागली होती आणि लोक उघड्या तोंडाने आत येत होते. जुलैत नोंदवहीप्रमाणे वस्तू मोजल्या गेल्या आणि एक कमी भरली. मग नोटीस निघाली. कामावरून का कमी करू नये आणि वस्तू परत का घेऊ नये, असे तीत विचारले आहे.

११. दरम्यान जूनमध्ये स्टँडवर मोठा फलक लागला. 'शंभर टक्के मास्कधारी गाव, मोरतळवाडी' असे वर लिहिले आहे आणि खाली मोबाइलमधले चाळीस फोटो छापले आहेत. चाळीसही तोंडांना एकच मास्क आहे. काहींमध्ये डाग डाव्या गालाला दिसतो, काहींमध्ये दिसत नाही, एवढाच फरक. मधोमध सरपंचांचा मोठा फोटो आहे आणि त्यात त्यांना मास्क नाही. मास्क लावला तर ओळखू येणार नाही, असे त्यांनी छापणाऱ्याला सांगितले म्हणे. बाहेरगावचे लोक थांबून फलकाबरोबर स्वतःचे फोटो काढतात. तिसऱ्या ओळीत साखराबाई आहेत. त्या दिवशी मास्क उलटा होता, त्यामुळे डाग बाहेर आहे. अर्जदार रोज सकाळी त्या फलकाखालून झाडते. कॉलेजसाठी दाखला घ्यायला आलेली मुले साखराबाईंकडे बोट दाखवून, 'म्हातारीनं पान खाल्लंय', म्हणून हसली. ती लहान आहेत, त्यांना काय ठाऊक. पण ज्यांना ठाऊक आहे तेही रोज तिथेच चहा पितात.

सबब विनंती की, स्टँडवरील फलक आठ दिवसांत उतरवावा. तो सगळा उतरवता येत नसेल तर साखराबाईंचा फोटो तरी झाकावा. कपाटातले दोनशे मास्क तपासणीची वाट न बघता घरोघर वाटावेत, कारण रोग पुन्हा येईल असे सगळेच म्हणतात. तो आला तर सक्ती जरूर करावी, अर्जदार दारात उभी राहायला तयार आहे. फक्त ज्याचा मास्क त्याच्याच तोंडाला असावा आणि ज्याच्याकडे नसेल त्याला कोरा द्यावा. अर्जदाराच्या नोकरीबाबत साहेबांना योग्य वाटेल तो निर्णय घ्यावा.

येथे गुरुजींनी अर्ज संपवला होता आणि सहीसाठी कागद पुढे केला होता. अर्जदाराने सही केली नाही. पुढचा मजकूर तिने लिहायला लावला आहे. याने आपलीच बाजू पडते, असे गुरुजींनी तिला दोनदा समजावले. तरी लिहायचे ठरले.

१२. वर आठव्या कलमात गुरुजींनी 'लावण्यात आला' असे लिहिले आहे. तो अर्जदाराने लावला. ग्रामसेवक खुर्चीतून उठले नव्हते आणि सरपंच गावात नव्हते. खिळ्यावरून काढला अर्जदाराने आणि साखराबाईंच्या दोन्ही कानांना अडकवला तोही अर्जदाराने. साखराबाई म्हणाल्या, 'दुसऱ्याच्या तोंडाचं हाय ग हे.' अर्जदार म्हणाली, 'लावा आत्या, घडीभराचं काम हाय. ग्रामसेवक साहेब वाट बघायलेत.' मग त्यांनी पदर खाली केला आणि मान पुढे केली.

अर्जदाराने तो खिळ्यावरचा मास्क स्वतः कधी लावला नव्हता. तिच्याकडे बचत गटात शिवलेले दोन मास्क होते. एक तोंडाला असे आणि दुसरा धुऊन, वाळवून, घडी घालून कमरेच्या पिशवीत असे, दुपारी बदलण्यासाठी. दि. ८ एप्रिल रोजी सकाळीही तो पिशवीत होता. तो फोटोत चांगला दिसला असता. ग्रामसेवकांची त्याला काही हरकत नसती. अर्जदाराचा हात पिशवीवर गेला होता.

साखराबाई मिस्री लावत. त्यांचे दात आणि ओठ कायम काळे असत. पंचवीस वर्षे एका घरात राहून अर्जदाराला त्या तोंडाची किळस होती. ती त्यांचा तांब्या वेगळा ठेवी, त्यांच्या ताटातले उरलेले कधी खाल्ले नाही. हे त्यांना कळत होते, त्या कधी बोलल्या नाहीत. त्या दिवशी अर्जदाराच्या मनात आले की, हा मास्क एकदा त्यांच्या तोंडाला लागला की आपल्याला पुन्हा लावता यायचा नाही. म्हणून तिने हात मागे घेतला.

मास्क का जाळला याचे कारण नोटिशीत मागितले आहे. पिराजींची तंबाखू, शिंका, पिना, वास, हे सगळे वर लिहिले आहे आणि त्यातला शब्द न शब्द खरा आहे. पण तेवढ्यासाठी जाळायचा असता तर अर्जदाराने तो मार्चमध्येच जाळला असता. दहा मे रोजी तो समोर दिसला तेव्हा तिला त्याची किळस आली नाही. तिला स्वतःची आली. स्वतःला काडी लावता येत नाही, म्हणून त्याला लावली. कारण एवढेच आहे आणि ते नोंदवहीत लिहून घ्यावे.

वस्तू परत मागितली आहे, तीही देत आहे. पिशवीतला तो दुसरा मास्क सोबत जोडला आहे. त्या दिवसानंतर अर्जदाराला तो लावता आला नाही आणि कोणाला देताही आला नाही.

अजून तरी कामावर असलेली,

(सही) अयोध्या सुदाम धुळगुंडे
मोरतळवाडी, दि. ९ ऑगस्ट २०२१

सोबत :
१. कारणे दाखवा नोटिशीची प्रत.
२. स्टँडवरील फलकाचा फोटो.
३. साखराबाई धुळगुंडे यांचा मृत्यूचा दाखला.
४. एक मास्क, सुती, दुहेरी कापडाचा, धुतलेला.